कोकणात टर्बो गाडी आणि पेट्रोलची निवड: ९५, १०० की रेस फ्यूएल?

टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेली गाडी घेतली किंवा आहे तिला रीमॅप मारला, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली सेटिंग्ज (मॅप) जास्त ताकदीसाठी बदलून घेतली, की पहिला प्रश्न ठरलेला: "आता शंभरवालं टाकायचं का?" म्हणजे १०० ऑक्टेनचं पेट्रोल. ऑक्टेन हा पेट्रोल वेळेआधी स्वतःहून न पेटण्याचा आकडा, तो पायरी २ मध्ये समजावला आहे. मुंबई-पुण्यात याचं उत्तर चुकलं तरी फारसं बिघडत नाही, पुढच्या चौकात दुसरा पंप असतो. पनवेलपासून पत्रादेवीपर्यंत आणि त्याहून जास्त आत किनाऱ्याला, म्हणजे गुहागर, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात, गणित वेगळं आहे. इथे पंप कमी, महाग पेट्रोलाला गिऱ्हाईक त्याहून कमी, आणि जून लागला की सगळीकडे पाणी. म्हणून पेट्रोलच्या नावावरचा आकडा बघण्याआधी ते किती ताजं आहे हे बघावं, असं माझं मत आहे. ते का, आणि निवड कशी करायची, ते खाली क्रमाने लिहितो.

आधी हे गोळा करा

- गाडीचं मॅन्युअल, आणि पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरचा फोटो
- रीमॅप असेल तर ट्यूनरकडून लेखी: मॅप कोणत्या ऑक्टेनसाठी लिहिला आहे
- ओबीडी-२ डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनाचे आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) आणि फोनमध्ये त्याचं ॲप
- पेट्रोलच्या पावत्या ठेवायला एक पाकीट, नोंदीला वही
- १०० मिलीच्या खुणा असलेला काचेचा सिलिंडर (शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळतो)
- विमा पॉलिसी आणि वॉरंटीचं पुस्तक. रीमॅप विमा कंपनीला कळवला नसेल तर दाव्याच्या वेळी वाद होतो, तेव्हा हे आधीच वाचून ठेवा.

१. झाकण उघडा, आकडा नीट वाचा

स्टिकरवर दोन गोष्टी वेगळ्या असतात: किमान ऑक्टेन आणि शिफारस केलेलं ऑक्टेन. किमान ९१ आणि शिफारस ९५ असेल, तर ९१ वर गाडी सुरक्षित चालते पण कंपनीने सांगितलेली पूर्ण ताकद ९५ वर मिळते. किमानच ९५ असेल तर त्याखाली उतरू नका. ९८ लिहिलेलं असेल तरच १०० च्या पेट्रोलचा गंभीरपणे विचार करायचा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते अमेरिकन आकड्यावर. भारतात आणि युरोपात आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) हा आकडा वापरतात. अमेरिकेत पंपावर आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन मोजमापांची सरासरी लिहितात, त्यामुळे तोच माल तिथे चार-पाच अंकांनी लहान दिसतो. अमेरिकेतलं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५-९६. अमेरिकन व्हिडिओत "नाइन्टी वन टाका" ऐकून आपल्याकडचं ९१ पुरेसं समजलात, तर इंजिनाला हवं त्यापेक्षा कमी मिळेल. उलट, तिकडचं ९३ ऐकून घाबरूनही जाऊ नका. ते आपल्या ९७-९८ च्या आसपास बसतं.

२. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, एवढं पक्कं करा

इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने दुसरीकडे सरकते. ती पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून पेटलं, तर त्याला नॉकिंग म्हणतात. चढावर बोनेटखालून टिकटिक-खटखट येते ती हीच. पेट्रोल या स्वतःहून पेटण्याला किती दाद देत नाही, त्याचा आकडा म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरून ही पट्टी आखलेली आहे.

टर्बो इंजिनात हवा आधीच कोंबलेली असते, म्हणून त्याला जास्त ऑक्टेन लागतं. नॉक सेन्सरने खटखट ओळखली की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पिकअप पडतो. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकल्यावर गाडी "उडायला" लागली, तर तो पेट्रोलाचा जोर नाही. आधी ईसीयूने मागे ओढून ठेवलेलं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) परत मिळालं, इतकंच. जिथे ईसीयूने काही ओढलेलंच नव्हतं, तिथे १०० टाकून काहीही बदलणार नाही. साध्या स्विफ्टमध्ये १०० भरून "स्मूथ वाटते" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. पैसे त्यांचे.

३. पंपावर नक्की काय मिळतं

साधं पेट्रोल आता बहुतेक सगळीकडे ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन शंभराच्या वर असल्याने ते मिसळल्यावर पेट्रोलचं ऑक्टेन वाढतं, आणि ई२० चं ऑक्टेन ९५ पर्यंत जातं असं सरकारचंच म्हणणं आहे. मग एक्सपी ९५ किंवा पॉवर ९५ अशा ९५ ऑक्टेनच्या ब्रँडेड पेट्रोलसाठी जास्त पैसे कशाला? तिथे तुम्ही मुख्यतः इंजेक्टर स्वच्छ ठेवणाऱ्या ॲडिटिव्हचे पैसे देता. ते वाईट नाहीत. पण डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हला लागतच नाही, थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे व्हॉल्व्हवरची काजळी कोणत्याही महाग पेट्रोलाने निघत नाही. ती गॅरेजमध्येच साफ करावी लागते.

वरच्या पायरीवर भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७, इंडियन ऑइलचं एक्सपी १०० आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर १०० आहे. एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये आलं आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुणे होती. शंभराच्या पेट्रोलची किंमत साध्याच्या साधारण दीडपट पडते, म्हणजे लिटरमागे पन्नास-साठ रुपये जास्त. चाळीस लिटर भरले की दोन हजारांच्या वर फरक. अशा तीन-चार टाक्यांच्या फरकात चांगल्या प्लगचा सेट आणि एअर फिल्टर येतो, हे लक्षात असू द्या.

एक सापळा: नावाला भुलू नका, आकडा बघा. पूर्वी ब्रँडेड म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेट्रोलांत फक्त ॲडिटिव्ह असायचं, ऑक्टेन तेच ९१. मशीनवर आकडा दिसत नसेल तर सरळ विचारा.

गाडी जुनी असेल तर आणखी एक तपासणी. १ एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील वगैरे ई२० ला टिकतील असे असतात. त्याआधीच्या गाडीचं मॅन्युअल वाचा. अशा गाड्यांचे काही मालक शंभरचं पेट्रोल ऑक्टेनसाठी घेतच नाहीत, इथेनॉल टाळायला घेतात. तुमचाही हेतू तोच असेल तर पायरी ५ मधली पाण्याची चाचणी करून खात्री करा.

४. समुद्रसपाटीचा हिशेब

पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. तिथे हवा थोडी विरळ असते आणि साध्या, म्हणजे बिनटर्बोच्या इंजिनाला तेवढं कमी ऑक्टेन चालतं. तीच गाडी ताम्हिणी उतरून माणगावला आली की सिलिंडरमध्ये जास्त हवा जाते आणि पुण्यात कधी न ऐकलेली खटखट इथे ऐकू येते. टर्बो गाडीत ईसीयू बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) सांभाळून हा फरक बराचसा मिटवतो, तरी पुण्यात ट्यून करून आणलेला कडक मॅप किनाऱ्यावर पुन्हा तपासावा.

दमट हवा मात्र आपल्या बाजूने असते. हवेतली वाफ ज्वलन थंड करते, म्हणून नॉकिंग थोडं कमी होतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात इंटरकूलर (टर्बोमधून येणारी तापलेली हवा थंड करणारा भाग) तापला की हा फायदा संपतो.

खरी परीक्षा घाटात. आंबोली, आंबा किंवा कुंभार्ली चढताना गाडीत पाच माणसं, मागे आंब्याच्या पेट्या, एसी चालू, पुढे ट्रक, आणि आपण चौथ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबलेला. छोट्या टर्बो इंजिनासाठी याहून वाईट अवस्था नाही. अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा एक वेगळा प्रकार घडू शकतो. तो जास्त ऑक्टेनने हमखास थांबत नाही आणि पिस्टन फोडू शकतो. त्यावर दोन उपाय: गिअर खाली टाकून इंजिन अडीच हजारांच्या वर ठेवा, आणि इंजिन ऑइल एपीआय एसपी दर्जाचं वापरा. हा दर्जा २०२० मध्ये आला आणि त्यात या प्रकाराची चाचणी अंतर्भूत आहे. गिअर बदलायला पैसे पडत नाहीत.

५. पंप निवडा, मग पेट्रोल

कोकणात माझा सगळा जोर या पायरीवर आहे.

पंपावर ऑक्टेन तपासता येत नाही. त्याला खास चाचणी-इंजिन लागतं. डेन्सिटी, फिल्टर पेपर, रंग यांतून ऑक्टेन कळत नाही, कोणी कितीही छातीठोक सांगो. म्हणून जिथे तो माल भराभर खपतो असा पंप शोधायचा. आतल्या गावातल्या पंपावर साध्या पेट्रोलला दिवसभर दुचाक्यांची रांग असते, पण बाजूच्या ९५ किंवा ९७ च्या मशीनवर धूळ. त्या टाकीतला माल कधीचा आहे कोण सांगणार? पेट्रोलचे हलके घटक उडत जातात आणि जुना माल मूळ गुणाचा राहत नाही. अशा ठिकाणी रांगेतलं साधं ई२० त्या धुळीतल्या महाग पेट्रोलापेक्षा चांगलं, आणि मी तेच भरतो.

पावसाळ्यात पाण्याची भर पडते. इथेनॉल पाणी ओढून घेतं. जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं आणि प्रमाणाबाहेर गेलं, की इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. मग खालच्या थरावर गाडी बंद पडते, आणि वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन घसरलेलं असतं, कारण ते वाढवणारं इथेनॉलच निघून गेलं. पूर आलेल्या भागात, मग चिपळूण असो, महाड असो की खेड, पाणी ओसरल्यावर लगेच पेट्रोल भरण्याची घाई करू नका.

पंपावर पोचल्यावर:

- "टँकर कधी आला?" हा प्रश्न न लाजता विचारा. टँकर त्याच क्षणी खाली होत असेल तर थांबा किंवा पुढे जा, तळाचा गाळ ढवळलेला असतो.
- मीटरचा शून्य बघा, नोझल कोणत्या मशीनची आहे तेही बघा. साधं आणि ९५ एकाच मशीनला असतात आणि घाईत चुकीचं भरलं जातं.
- डेन्सिटीचा आकडा बघा. शंका असेल तर मोजून मागा, हायड्रोमीटर आणि थर्मामीटर पंपावर ठेवावाच लागतो. १५ अंश तापमानाच्या हिशेबाने काढलेला आकडा आणि त्यांच्या नोंदीतला आकडा यांत घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक नको.
- फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचं माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. आवाज न चढवता मागितलं तर बहुतेक ठिकाणी देतात.
- पावती घ्या. पेट्रोलचा प्रकार त्यावर छापलेला हवा. पुढे इंजेक्टर खराब झाला तर हाच पुरावा.

इथेनॉल आहे का हे बघायचं असेल तर घराबाहेर, विस्तवापासून दूर, काचेच्या सिलिंडरमध्ये ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा पाण्याचा थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. पंचविशीच्या पुढे गेला तर ई२० च्या आसपास आहे. चाचणीचं पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही, आणि विहिरीजवळ किंवा परसातही नाही.

६. गाडीला खरंच हवंय का, ते मोजा

अंदाजापेक्षा डोंगल बरा. एका प्रकारचं पेट्रोल दोन टाक्या सलग भरा. पहिल्या टाकीत जुन्याची भेसळ असते आणि ईसीयूलाही शिकायला वेळ लागतो, म्हणून नोंदी दुसऱ्या टाकीपासून. वळणं नसलेला, मोकळा चढ निवडा. शेजारी बसलेल्याने फोन बघायचा, चालवणाऱ्याने रस्ता. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून चार हजार आरपीएमपर्यंत वेगमर्यादेत एकसारखं ओढा आणि टायमिंग, आत जाणाऱ्या हवेचं तापमान, बूस्ट यांची नोंद करा. तुमच्या कंपनीसाठीचं ॲप असेल तर प्रत्येक सिलिंडरचं मागे ओढलेलं टायमिंगही दिसतं.

मग दुसऱ्या प्रकारचं पेट्रोल, तोच चढ, तीच वेळ. टायमिंगमध्ये फरक दिसत नसेल तर महाग पेट्रोल तुमच्यासाठी नाही, विषय संपला. एखाद्या सिलिंडरला एक-दोन अंश मागे येणं नेहमीचं आहे. सगळ्याच सिलिंडरना सलग चार-पाच अंश मागे ओढलं जात असेल तर वरचं ऑक्टेन घ्या किंवा मॅप सौम्य करून घ्या. एकाच सिलिंडरची तक्रार असेल तर पेट्रोलाला दोष देण्याआधी प्लग आणि कॉइल बघा. आमच्याकडचे जुने मेस्त्री म्हणतात, "आधी पलग बघूया, मगे पेट्रोलाचा." दहातल्या आठ वेळा त्यांचं खरं निघतं.

७. प्रवास असा आखा

१०० चे पंप मोठ्या शहरांतले. किनाऱ्यावर ते मिळेलच असं धरून निघू नका. कंपनीच्या ॲपमध्ये पंप दिसला तरी फोन करून "आज माल आहे का" विचारा.

मुंबईहून सावंतवाडी साधारण पाचशे किलोमीटर. पन्नास लिटरची टाकी आणि बाराचं ॲव्हरेज धरलं तर मुंबईत भरलेलं १०० तिथपर्यंत पुरतं. पंचाईत येते परतताना. म्हणून फक्त १०० वर चालणारा मॅप कोकणातल्या गाडीत घालूच नये असं माझं ठाम मत आहे. ट्यूनरकडून ९५ चा मॅप रोजच्यासाठी आणि वरचा वेगळा, असे दोन घ्या. बदलता येत नसतील तर ९५ चाच ठेवा.

मिश्रण चालतं आणि त्याचा हिशेब सोपा आहे. टाकीत २० लिटर ९५ उरलंय आणि वर ३० लिटर १०० टाकलं, तर ढोबळमानाने ९८ झालं. उलट्या बाजूनेही तसंच: १०० चं पेट्रोल निम्मं संपल्यावर ९५ टाकलं तर ९७-९८ राहतं, तेवढ्यावर संगमेश्वर ते पनवेल आरामात होतं. फक्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबण्याचा मोह कशेडीनंतर आवरा.

डबा भरून बरोबर नेण्याची कल्पना सोडा. विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवायला कायदा मुभा देतो, पण डब्यांवर अटी आहेत, बरेच पंप डब्यात देत नाहीत आणि रेल्वेने नेणं गुन्हा आहे. उन्हात तापलेल्या डिकीत पोरंबाळं मागे बसलेली असताना तो डबा नकोच.

८. बूस्टर, थिनर, विमानाचं पेट्रोल आणि रेस फ्यूएल

ऑक्टेन बूस्टरच्या (पेट्रोलात ओतायच्या द्रवाच्या) बाटलीवरचे "३० पॉइंट वाढवा" वाचून ९५ चं १२५ होईल असं समजू नका. त्या भाषेत एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा भाग, म्हणजे ३० पॉइंट म्हणजे ३. तेही सांगितलेल्या प्रमाणात. काही बूस्टरमधल्या धातूच्या संयुगांनी प्लगवर तांबूस थर बसतो. अडल्या वेळी एखादी बाटली ठीक, सवय नको.

टोल्युईन किंवा रंगाच्या दुकानातला थिनर टाकीत ओतण्याचे सल्ले मिळतील. ऐकू नका. टोल्युईनचं ऑक्टेन जास्त असतं हे खरं, पण डब्यात नक्की काय आहे आणि तुमचे सील काय सहन करतील हे कोणालाच ठाऊक नसतं. विमानाच्या पेट्रोलमध्ये शिसं असतं. ते ऑक्सिजन सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मारतं, मग पीयूसीलाही गाडी अडकते.

रेस फ्यूएल हा ट्रॅकचा माल. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत ऑक्सिजन जास्त असतो, त्यामुळे नेहमीच्या मॅपवर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. म्हणजे त्या पिंपासाठी वेगळं ट्यूनिंग हवं. उघडलेलं पिंप टिकत नाही. कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर भाग घ्यायचा असेल तर स्पर्धेचे नियम वाचा, बऱ्याचदा कोणतं पेट्रोल चालेल हे आयोजकच ठरवतात. मुंबई-गोवा महामार्गावर खड्डे चुकवत जायला रेस फ्यूएलचा काडीचा उपयोग नाही.

९. गाडी गावी ठेवून जाणार असाल

गणपतीला आणलेली गाडी शिमग्यापर्यंत गावच्या पडवीत उभी राहणार असेल, तर टाकी काठोकाठ भरून ठेवा. मोकळी जागा कमी तितकी दमट हवा कमी शिरते. शक्य असेल तर इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरा. १०० वर पैसे घालायचेच असतील तर मला हे एक कारण सगळ्यात पटतं. झाकणाचं रबर तपासा, खाऱ्या हवेत ते लवकर कडक होतं. परत आल्यावर पहिले शंभर किलोमीटर हलक्या पायाने चालवा, निम्मी टाकी झाली की गर्दीच्या पंपावर ताजं पेट्रोल भरा, आणि ते जुनं पेट्रोल संपेपर्यंत वरचा मॅप चालू करू नका.